बाईंचं लिंबू

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना कुणी "मदत करू का?" असं विचारलं की राग यायचा, आणि न विचारता मदत केली तर त्याहून जास्त. एकदा जिना उतरताना एका नव्या सरांनी आदराने त्यांचा दंड धरला. बाई तिथेच थांबल्या, दंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, माझा हात चुकून तुमच्याकडे आलाय. परत देता का?" पुढे बाई निवृत्त होईपर्यंत ते सर त्यांच्यापासून चार हात लांबून चालायचे.

मी त्याच शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. शाळा डोंबिवलीत, घर कोपरला तळमजल्यावर, आणि मी व्हीलचेअरवर. कॉलेजात असताना पाठीच्या कण्यात गाठ निघाली. ती काढली, जीव राहिला, पाय गेले. हे आत्ताच सांगून टाकते, कारण लोकांना ती हकिगत ऐकायला फार आवडते आणि मला ती सांगायचा कंटाळा आलाय. बाईंनी इतक्या वर्षांत ती कधी विचारली नाही.

बाईंच्या जगात डावं-उजवं नव्हतं, फक्त दिशा होत्या. "चहा उत्तरेला सरकव." "त्या फायलींच्या दक्षिणेला माझा चष्मा असेल बघ." भर मीटिंगमध्ये त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं, "सर, तुमच्या मिशीच्या नैर्ऋत्येला पोहे लागलेत." मुख्याध्यापकांनी नेमका भलत्याच बाजूला रुमाल फिरवला, तेव्हा बाई हळहळल्या, "तुम्हाला शाळेत भूगोलाला कोण होतं हो?" बाईंच्या यजमानांना आम्ही सगळे काका म्हणायचो. ते कल्याणजवळच्या मोहन्याच्या जुन्या रेयॉनच्या कारखान्यात होते. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे असेल किंवा बाईंशी लग्न झाल्यामुळे असेल, काका जगाशी एकच शब्द बोलायचे, "बरं." होकार, नकार, कंटाळा, कौतुक, सगळं त्यात. पूर्व कुठे हे मात्र त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

आता पिशव्यांबद्दल सांगायला हवं.

दरवर्षी पावसाळा सरला की आमच्या शिक्षकांची सहल निघायची. मला कधीच कुणी वगळलं नाही. आधी मलाच विचारायचे, गाडीत खिडकीची जागा द्यायचे, शिरा आधी माझ्या बशीत पडायचा. मग ठिकाण आलं की एखादं छानसं झाड बघून त्याखाली माझी खुर्ची लावायचे आणि म्हणायचे, "तू इथेच बस हां. पिशव्या सांभाळ, आम्ही बघून येतो." हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की माझ्या नावापुढे पदवीसारखं लावलं तरी चालेल. देवळात चपला, समुद्रावर कपडे, लग्नात मावश्यांच्या पर्सा. त्या वर्षी धबधबा होता. चित्रकलेच्या सरांनी तर पाण्यात पडायला नको म्हणून आपली कवळी रुमालात गुंडाळून माझ्याकडे ठेवायला दिली होती. तासाभराने सगळे ओलेचिंब होऊन आले आणि प्रत्येकाने मला धबधब्याचं वर्णन करून सांगितलं. कुणी ओला दगड आणून दिला, कुणी नेच्याचं पान. माणसं प्रेमळ होती, यात वाद नाही.

बाई इतरांच्या आधी परत आल्या होत्या. माझ्याशेजारी सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तू काय पाहिलंस?"

"पिशव्या," मी म्हटलं.

"आणखी?"

"सरांची कवळी."

मला वाटलं होतं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी शबनममधून पेरू काढला, अर्धा मला दिला आणि सगळे येईपर्यंत गप्प बसून राहिल्या. बाई गप्प बसल्या की काहीतरी शिजतंय, हे अख्ख्या शाळेला माहीत होतं.

सहलीनंतरच्या सोमवारी त्या ऑफिसात आल्या. माझ्या टेबलाच्या पश्चिमेला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुला नक्की काय हवंय?"

"कशाबद्दल?"

"सहलीबद्दल. फिरण्याबद्दल."

"काही नाही हो बाई. मी बरी आहे."

"बरी आहेस ते मला दिसतंय. मी काय हवंय ते विचारलं."

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. लोक विचारतात, काही लागलं तर सांग. ते वेगळं. मी आधी कागद सारखे केले, पेनचं टोपण लावलं, काढलं. मग जे आईलाही कधी बोलले नव्हते ते बोलून गेले. "मला एकदा झाडांमधून एकटीला जायचंय. मागे कुणी नको. मला ढकलणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत असतो, बाई. तो दमला की 'चला, परत फिरू या' असं मलाच म्हणावं लागतं. मन भरलेलं नसतं, तरी."

बाईंनी हे एखाद्या मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर ऐकतात तसं ऐकलं. "म्हणजे डोंगर नको, धबधबा नको. सपाट, सावलीचा, पायऱ्या नसलेला, झाडांमधला एक रस्ता. ठाण्यापासून कल्याणपर्यंत एवढा मुलूख पसरलाय. एक रस्ता मिळणार नाही? मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. शोधते." आणि दारातून पुन्हा मागे वळून म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही हं. माझे गुडघे बघ. मी माझी सोय करून ठेवतेय."

घरी दादाला सांगितलं. दादा माझा मोठा भाऊ. मला उचलून उचलून त्याच्या कमरेला पट्टा लागलाय, आणि तो पट्टा तो सदऱ्याखाली लपवतो. तो म्हणाला, "एकटी कशाला? अगं मी आहे ना. कुठे जायचंय ते बोल, उचलून नेतो." मी म्हटलं, तेच नकोय. त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "जा. पण एकदा जरी पडलीस ना, तर बंद. मग बाई असोत नाहीतर बाईंची आई असो." दादा बोलला की करतो. त्यामुळे मला एकच संधी आहे हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

निवृत्तीचा शाल-नारळ घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बाई आमच्याकडे आल्या आणि माझी जुनी खुर्ची मागू लागल्या. "ती कशाला?" मी विचारलं. "बसायला," त्या म्हणाल्या. धडधाकट बाई माझ्या खुर्चीत बसणार आणि काका ढकलणार, असा बेत होता. आधी पायी पाहून येणं त्यांना मान्य नव्हतं. "पायांना पायऱ्या दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "चढून जातात आणि विसरतात." काका खुर्ची गाडीच्या डिकीत घालता घालता म्हणाले, "बरं."

पहिल्यांदा गेले ते ठाण्यातल्या एका तळ्यावर. ठाण्यात तळ्यांना काय तोटा! काठाने छान झाडीतला रस्ता, बदकं, सगळं. फक्त आत शिरायला दोन-तीन पायऱ्या. बाई खुर्चीत बसून त्या पायऱ्यांकडे बघत होत्या, तेवढ्यात फिरायला आलेली चार माणसं धावत आली. "धरा रे आजींना! सावकाश, सावकाश!" आणि बाई हवेत.

संध्याकाळी त्या तशाच माझ्या घरी आल्या. मी चहा ठेवला. त्यांनी कप हातात धरला आणि पुष्कळ वेळ प्यायल्याच नाहीत.

"मी एरवी खूप बोलते ना?" त्या म्हणाल्या. "आज माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. एकाने काखेत हात घातला. एकाने मांडीखाली. आणि मला कुणी विचारलंच नाही गं! यांना विचारलं. 'आजींना आत न्यायचंय ना?' आणि हे काय म्हणाले असतील?"

"बरं," काका कोपऱ्यातून अपराधी आवाजात म्हणाले.

"आत नेऊन ठेवलं. मग उठून चालायला लागायची सोय नाही, ती बिचारी माणसं घाम पुसत उभी होती. म्हणून तशीच बसून राहिले. येताना पुन्हा उचललं. आणि वर मी त्यांचे आभार मानले!" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला रोज असंच होतं?"

"रोज नाही," मी म्हटलं. "बाहेर पडलं की."

चहा गार झाला होता, तो बाई एका दमात प्यायल्या. मला त्या क्षणी रडू वगैरे आलं नाही. उलट इतकं हलकं वाटलं की काय सांगू. कुणाचा हात कुठे लागतोय याकडे मी वर्षानुवर्षं लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं, कारण माणूस मदत करत असतो आणि मदत करणाऱ्यावर रागावणं म्हणजे कृतघ्नपणा. आता ते आणखी एका माणसाला कळलं होतं. मला समजावून सांगावं लागलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाईंनी नियम केला. जिथे उचलावं लागेल तो रस्ता नापास. मग तिथे प्रत्यक्ष नंदनवन का असेना.

पुढचं वर्षभर दर रविवारी काकांची जुनी गाडी बाहेर पडायची. कधी मी बरोबर असायचे, कधी नुसता निकाल यायचा. बाईंनी निवृत्तीनंतरही परीक्षा घेणं सोडलं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याची एक वाट होती, गर्द सावली, पक्ष्यांची नुसती शाळा भरलेली. पण मोटारसायकली आत जाऊ नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी नळ्यांची वेडीवाकडी अरुंद फट ठेवलेली. आम्ही तिथे उभे असताना एक मोटारसायकलवाला सफाईने हँडल तिरकं करून आत गेला. अडले ती मीच. "नापास," बाई म्हणाल्या, आणि त्या मोटारसायकलवाल्यालाही ओरडून सांगितलं, "तूसुद्धा!" एका बागेत रस्ता उत्तम, पण त्यावर शोभेचे गोटे पेरलेले. त्यावरून माझी खुर्ची चालवली की दात वाजत. ती बाग काठावर पास. दुसरीकडे सगळं झकास, फक्त फाटकाला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. "गैरहजर," बाई म्हणाल्या.

आणि लिंबू. लिंबाशिवाय बाई म्हणजे खडूशिवाय फळा. रस्त्याचा उतार बघायला त्या लिंबू वापरायच्या. मोबाइलमध्ये त्यासाठी काय काय मिळतं ते मी त्यांना दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "मोबाइल घरंगळून दाखवत नाही." रस्त्यावर लिंबू ठेवायचं. जागच्या जागी राहिलं तर तिथे खुर्ची ब्रेक न लावता उभी राहील. कडेला गेलं तर खुर्चीही कडेला ओढेल. पुढे पळालं तर परत चढून येताना हात भरून येणार. भाजीवाल्याकडे त्या एकेक लिंबू पाटीवर सोडून बघायच्या आणि सगळ्यात गोल असेल ते घ्यायच्या. भाजीवाला वैतागून म्हणायचा, "बाई, रस बघा ना, रस!" ते लिंबू त्यांच्या पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात असायचं आणि त्याला काकांनासुद्धा हात लावायची परवानगी नव्हती. एकदा काकांनी ते आमटीत पिळलं होतं. त्यावरून दोन दिवस अबोला झाला. काकांना तो कळला की नाही, मला शंका आहे.

कल्याणच्या एका बागेतला प्रसंग मात्र मी स्वतः पाहिलाय. सकाळची वेळ. बाग नवी, रस्ता रुंद, मला भलतीच आशा वाटत होती. रस्त्याच्या तोंडाशी बाईंनी वाकून लिंबू ठेवलं आणि हात जोडल्यासारखे गुडघ्यावर टेकून त्याच्याकडे टक लावून बघत बसल्या. त्या दिवशी अमावास्या होती, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात नव्हतं.

फिरायला आलेली मंडळी एकेक करून थबकली. बघता बघता दहा-पंधरा जण जमले. लिंबू ओलांडायला कुणी तयार होईना. हातात काठी घेतलेले एक गृहस्थ पुढे होऊन म्हणाले, "अहो, शिकल्यासवरल्या दिसता. अमावास्येला लिंबू टाकता? तेही बागेत?"

"टाकलं नाही, ठेवलंय," बाई मान वर न करता म्हणाल्या. "जरा पूर्वेला सरका. सावली पडतेय."

"पूर्वेला का?" गृहस्थांचा आवाज बदलला. "पूर्वेलाच का?"

मी तोंडावर पदर घेतला होता. वॉचमन आला. "ओ मॅडम, काय लफडा हाय? उठाव ना ते पयले. लोकं बोंब मारतायत."

"उचलते रे. आधी ते कुठे जातंय ते पाहू दे."

"कुठे जातंय म्हणजे?" दोघं-तिघं एकदम म्हणाले. आणि तेवढ्यात लिंबू हललं. आधी डुललं, मग निघालं, आणि सरळ त्या काठीवाल्या गृहस्थांच्या बुटापाशी जाऊन थांबलं. गृहस्थांनी वयाला न शोभणारी उडी मारली. "माझ्याकडेच का आलं?" ते ओरडले.

"कारण तुम्ही उतारावर उभे आहात," बाई शांतपणे म्हणाल्या. "इथे सगळं पाणी तुमच्याकडे येणार. काठावर पास."

मग त्यांनी लिंबू उचललं, पर्समधल्या चाकूने सगळ्यांदेखत चिरलं आणि काकांच्या थर्मासमधल्या पाण्यात पिळून सरबत केलं. घ्या म्हणून आग्रहही केला. कुणी घेतलं नाही. मी, बाई आणि काका, तिघांनी मिळून ते संपवलं. तरी ते गृहस्थ आमच्या गाडीपर्यंत आले आणि खिडकीतून हळूच मला विचारलं, "उतारामुळेच ना? पक्कं?"

घरी येईपर्यंत मी हसत होते. रात्री मात्र वाटलं, हे काही जमायचं नाही. वर्ष होत आलं होतं. दादा दर रविवारी विचारायचा, "मिळाला का रस्ता?" आणि नाही म्हटलं की त्याला बरं वाटायचं, ते मला दिसायचं. मी बाईंना फोन केला. म्हटलं, "सोडून देऊ या का?" बाई म्हणाल्या, "नापास रस्ते झालेत. तू नाही झालीस." आणि फोन ठेवला.

रस्ता मिळाला तो कोलशेतला, खाडीच्या कडेने. एका अंगाला नव्या इमारती, दुसऱ्या अंगाला तिवरांची दाट झाडी, मधून बांधासारखा सरळ गेलेला रस्ता. बाई आणि काका आधी तीनदा जाऊन आले होते, खुर्चीत बसून, भरतीला, ओहोटीला. लिंबू जागचं हललं नाही म्हणे. फाटक रुंद, पायरी एकही नाही. "पहिला वर्ग," बाई फोनवर म्हणाल्या. मग उगाचच खोकल्या.

थंडीचे दिवस होते. काकांनी खुर्ची उतरवली, मी गाडीतून सरकून तिच्यात बसले. फाटकाशी एक बाक होता. बाई त्यावर बसल्या, रस्त्याकडे पाठ करून.

"तुम्ही अशा का बसलात?"

"मी बघणार नाही. बघितलं तर बोलेन. जा."

मी निघाले. पहिली पन्नास-शंभर पावलं, म्हणजे माणसांची पावलं, मी सवयीने मागे कान देऊन होते. श्वास नव्हता. चाकांचा खर्र आवाज तेवढा. मग वळण आलं आणि फाटक दिसेनासं झालं. मी थांबले. कुणाला "जरा थांबता का?" असं न म्हणता थांबले. तिवरांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली होती. खारट, कुबट वास येत होता आणि तो मला अत्तरासारखा गोड लागत होता. चिखलात लालसर खेकडे एकेक मोठा आकडा हलवत बसले होते, आणि बोटाएवढे मासे पाण्याबाहेर, चिखलावर, चक्क उड्या मारत होते. उभ्या माणसाला ते दिसले नसते. माझ्या उंचीवरून अगदी समोर दिसत होते. मी किती वेळ पाहत बसले, मला माहीत नाही. विचारायला कुणी नव्हतं. एवढा आनंद मला झाला होता की मी मोठ्याने हसले.

त्याच तारेत पुढे निघाले आणि पुढचं छोटं चाक फसलं. फरशीची एक वीट निघालेली होती, त्या खड्ड्यात. खुर्ची झटक्याने पुढे झुकली, मी हात टेकून सावरले. दादाचं वाक्य आठवलं. एकदा जरी पडलीस तर बंद.

समोरून एक बाई येत होती. डोक्यावर पाटी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले. तिथल्याच गावातली असणार. मला अडकलेली पाहून ती झपाझप पुढे आली. आणि माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द बाहेर पडले. "उचलू नका!" मी जवळजवळ किंचाळलेच.

ती थांबली. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नाय उचलत गो," ती म्हणाली. "मी कशाला उचलू? माजी पाटी कोन धरल मंग?"

ती शांतपणे कडेला उभी राहिली. "तू काड तुजा चाक. मी बगतंय."

बाईंनी घोकून घेतलेलं मला आठवलं. छोटं चाक अडलं तर पुढे जोर करायचा नाही, मागे यायचं, खुर्ची फिरवायची आणि उलटं जायचं. मोठी चाकं खड्डा मानत नाहीत. मी मागे रेटलं. पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा जरा हललं. ती पाटीवाली बाई जराही पुढे न येता बघत होती. तिसऱ्यांदा चाक सुटलं. मी खुर्ची फिरवली आणि पाठमोरी तो खड्डा पार केला.

"निंगाला," ती म्हणाली. जसं काही त्यात विशेष नव्हतंच. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"पाटीत काय आहे?" मी विचारलं.

तिने पाटी खाली घेऊन दाखवली. मघाशी उड्या मारत होते तेच मासे. "निवटी. खाल्लास कवा?"

"नाही."

"मंग काय खाल्लास?" तिने मान हलवली, पाटी डोक्यावर घेतली आणि आपल्या वाटेने चालू लागली.

मी रस्त्याच्या टोकापर्यंत गेले. तिथे खाडी उघडी होते, पाणी रुंद पसरतं आणि पलीकडे डोंगर दिसतात. तिथे बसून मी खूप रडले, आणि रडून झाल्यावर मला भूक लागली. परत आले तेव्हा बाई त्याच बाकावर तशाच पाठ करून बसल्या होत्या. हातात लिंबू, आणि ते इतकं चोळलेलं की सालीला डाग पडले होते.

"वायव्येकडून आलीस ना?" त्या मागे न बघता म्हणाल्या. "किती वेळ गं!"

"मन भरलं तेव्हा आले," मी म्हटलं.

बाई वळल्या. त्यांचे डोळे लाल होते. काकांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "बरं!" एवढं लांबलचक "बरं" मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

त्यानंतर मी तिथे किती वेळा गेले, त्याला गणती नाही. दादाही एकदा आला. बाकावर बाईंशेजारी बसून राहिला आणि मी परत येईपर्यंत चुळबुळत होता. पण मागून आला नाही. येताना गाडीत म्हणाला, "कंबर जरा बरी वाटते गं हल्ली," आणि खिडकीबाहेर बघू लागला.

गेल्या वर्षी बाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता त्या काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, डॉक्टरांवर ओरडतात, म्हणजे सगळं ठीक आहे. पण ऑपरेशननंतरचे काही महिने त्या खरोखरच माझ्या जुन्या खुर्चीत होत्या. तेव्हा त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. जिन्यापाशी शेजारी उचलायला आले की आत जाऊन बसायच्या. रस्त्यांवर खुणा केलेला भिंतीवरचा नकाशासुद्धा उतरवून ठेवला होता. काकांनी मला फोन केला. काकांचा फोन, हीच मुळात घाबरण्याची गोष्ट होती. "तू ये," ते म्हणाले. दोन शब्द.

मी दादाला घेऊन भाड्याच्या गाडीने गेले. लिफ्ट नसलेली ती इमारत. मी खालूनच हाक मारली. बाई गॅलरीत आल्या, खुर्चीत बसूनच.

"मी येणार नाही," त्या वरून म्हणाल्या. "मला उचलून आणतील."

"बाई, एवढा जिना काकांचा हात धरून बसत बसत उतरा. तेवढा वेळ आम्ही कुणी बघणार नाही. खाली आल्यावर पुढे कुठेही पायरी नाही. मी नवा रस्ता काढलाय. टिटवाळ्याकडे, नदीच्या कडेला."

"कुणी तपासला?"

"अर्धा मी. अर्धा राहिलाय."

बाईंनी वरून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तोंड दक्षिणेला करा. सगळ्यांनी." मी, दादा आणि गाडीवाला, आम्ही तिघं दक्षिणेला तोंड करून उभे राहिलो. मागे जिन्यात बाईंचं कण्हणं, काकांना दटावणं आणि काकांचं "बरं, बरं" ऐकू येत होतं. त्यांना पुष्कळ वेळ लागला. मागे वळून पाहिलं तेव्हा बाई काकांनी खाली आणलेल्या खुर्चीत, घामाघूम, पण मान ताठ.

नदीच्या कडेला करंजांची सावली होती. फाटकापासून झाडांच्या पहिल्या रांगेपर्यंत काकांनी बाईंना आणलं. बाईंचा श्वास चढला होता, दुखत असणार. पुढचा रस्ता वळून झाडीत जात होता आणि तो कसा आहे हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. बाई त्या वळणाकडे बघत होत्या. जायचं त्यांना होतं, जमणार नव्हतं, आणि तसं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

मी माझी खुर्ची त्यांच्यासमोर आणली. माझी पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यावर काकांचा थर्मास ठेवला, दादाची छत्री ठेवली, शाल ठेवली.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही इथेच बसा. पिशव्या सांभाळा. मी बघून येते."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की करंजावरचे पक्षी उडाले. हसता हसता त्यांनी सगळं सामान दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतलं, आपल्या पर्समधला तो कप्पा उघडला, आणि लिंबू काढून माझ्या हातात दिलं.